एकच ‘रीऑर्गनायझेशन’, दोन कायदे, दोन अर्थ

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. विचारणारे गृहस्थ न्यू जर्सीत नोकरी करतात, मूळचे पिंपरीचे. त्यांची कंपनी अमेरिकेत चॅप्टर ११ मध्ये (देण्यांची फेरमांडणी करायच्या दिवाळखोरी प्रक्रियेत) गेली आणि बाहेरही आली. नोकरी टिकली, पण त्यांच्याकडचे कंपनीचे शेअर रद्द झाले. त्याच सुमारास, ज्या दुसऱ्या एका कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते, तिचं विलीनीकरण झालं. त्या पत्रात ‘टॅक्स-फ्री रीऑर्गनायझेशन’ असं लिहिलेलं होतं आणि जुन्या शेअरच्या बदल्यात नवे हातात आले. इकडे भोसरीत त्यांच्या धाकट्या भावाचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. त्याचे ३८ लाख एका कंपनीकडे अडकले होते. ती कंपनी एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालतात त्या न्यायाधिकरणात) गेली, देणी मिटवायचा प्लॅन मंजूर झाला आणि भावाच्या खात्यात ७६ हजार जमा झाले. त्यांचा प्रश्न असा: “तिन्ही ठिकाणी वकील पुनर्रचनाच म्हणतात. मग एकीकडे शेअर गेले, एकीकडे मिळाले, एकीकडे पैसे बुडाले, हे कसं? आणि यात कर नक्की कुणाला लागतो?”

मी पुण्यात सीए आहे. गेली बरीच वर्षं निम्मा वेळ एनसीएलटीच्या कामात जातो. हा गोंधळ फक्त तुमचा नाही. परवाच एका चांगल्या कंपनीच्या फायनान्स हेडनं मला विचारलं, “सर, प्लॅन मंजूर झाला म्हणजे मर्जर टॅक्स-न्यूट्रल झालंच ना?” झालेलं नसतं. दोन्ही कायद्यांत शब्द एकच असला तरी प्रत्येक कायदा कंपनीला वेगळा प्रश्न विचारतो.

दिवाळखोरीचा कायदा विचारतो: देणी फेडता येत नाहीत, तर कुणी किती सोडायचं आणि धंदा कुणाच्या हाती द्यायचा? करकायदा विचारतो: कागद बदलले, नावं बदलली, पण मालक खरंच बाहेर पडला का? मालक आत असेल तर विक्री झालीच नाही असं धरतात आणि कर पुढे ढकलतात. म्हणजे दिवाळखोरीत पुनर्रचना यशस्वी व्हायची तर जुनं नातं तोडावं लागतं, आणि करात पुनर्रचनेचा फायदा हवा तर तेच नातं टिकलेलं दाखवावं लागतं. बुडीत कंपनीत दोन्ही एकाच वेळी करायचं असतं. आमच्या फीचा बराचसा भाग याच ओढाताणीतून येतो.

कराच्या बाजूनं सुरू करतो, कारण तिथे या शब्दाला सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मजेशीर केस आहे.

एव्हलिन ग्रेगरी या अमेरिकन बाईंच्या मालकीची युनायटेड मॉर्गेज कॉर्पोरेशन नावाची कंपनी होती. तिच्याकडे मॉनिटर सिक्युरिटीज कॉर्पोरेशनचे १,००० शेअर पडून होते, आणि त्यांचा भाव चांगलाच वाढला होता. ते सरळ बाईंना दिले असते तर तो लाभांश झाला असता आणि चढ्या दरानं कर बसला असता. म्हणून १८ सप्टेंबर १९२८ रोजी ॲव्हरिल कॉर्पोरेशन ही नवी कंपनी स्थापन झाली. तीन दिवसांनी मॉनिटरचे शेअर तिच्याकडे गेले आणि ॲव्हरिलचे सगळे शेअर बाईंना मिळाले. २४ सप्टेंबरला ॲव्हरिल गुंडाळली आणि मॉनिटरचे शेअर बाईंच्या हातात आले. ते त्यांनी लगेच १,३३,३३३ डॉलर ३३ सेंटना विकले. एकूण सहा दिवसांची कंपनी. तिनं दुसरा कुठलाही धंदा केला नाही.

कायद्यात ‘रीऑर्गनायझेशन’ची जी व्याख्या होती, तिची अक्षरं यात तंतोतंत बसत होती. कर अपील मंडळानं बाईंच्या बाजूनं निकालही दिला. वरच्या कोर्टात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी तो फिरवला आणि १९३५ मध्ये सुप्रीम कोर्टानं हँड यांचा निर्णय कायम केला. कोर्टाचं म्हणणं असं होतं की कर कमी बसेल अशी आपल्या व्यवहारांची मांडणी करायचा हक्क प्रत्येकाला आहे. प्रश्न एवढाच, की जे घडलं ते कायद्याला अभिप्रेत असलेली पुनर्रचना होती का? इथे धंद्याची कसलीच पुनर्रचना नव्हती, होतं ते तिचं सोंग. तेव्हापासून तीन कसोट्या पक्क्या झाल्या: व्यवहाराला करापलीकडे धंद्याचं कारण हवं, जुना धंदा पुढे चालू हवा आणि जुन्या मालकांचा हिस्सा नव्या कंपनीत राहायला हवा.

आज अमेरिकेच्या करसंहितेत कलम ३६८ मध्ये रीऑर्गनायझेशनचे ए ते जी असे सात प्रकार आहेत. सरळ विलीनीकरण, शेअरच्या बदल्यात शेअर, शेअरच्या बदल्यात मालमत्ता, फाळणी, भांडवलाची फेरमांडणी, नुसता नाव-गाव बदल आणि शेवटी दिवाळखोरीतलं हस्तांतर. तुम्हाला आलेलं दुसरं पत्र पहिल्या दोन-तीन प्रकारांपैकी असणार. ‘टॅक्स-फ्री’ या शब्दावर मात्र फार खूश होऊ नका. कर माफ झालेला नाही, पुढे गेला आहे. जुन्या शेअरची खरेदी किंमतच नव्या शेअरला चिकटते, आणि ज्या दिवशी नवे विकाल त्या दिवशी सगळा नफा एकदम मोजला जातो. जुनी खरेदीची चिठ्ठी जपून ठेवा म्हणून मी क्लायंटच्या मागे लागतो, ते याचसाठी.

आता अडचण बघा. मालकाचा हिस्सा पुढे राहायला हवा म्हटलं, आणि कंपनीच बुडालेली असेल तर? बुडालेल्या कंपनीत भागधारकाच्या शेअरची किंमत शून्य असते. नव्या कंपनीचे शेअर जातात बँका आणि रोखेधारकांकडे. मग सातत्य कुणाचं मोजायचं?

१९४२ मध्ये अलाबामा ॲस्फाल्टिक लाइमस्टोन कंपनीच्या केसमध्ये हा प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे आला. जुनी कंपनी बुडाली, धनकोंच्या समितीनं योजना आखली, दिवाळखोरी कोर्टाच्या लिलावातून मालमत्ता नव्या कंपनीकडे गेली आणि नव्या कंपनीचे शेअर प्रामुख्यानं धनकोंना मिळाले. वाद वरवर अगदी रुक्ष होता: नव्या कंपनीनं घसारा कुठल्या किमतीवर काढायचा, जुन्या कंपनीच्या की लिलावातल्या? न्यायमूर्ती डग्लस यांनी त्यात मुळातली गोष्ट सांगितली. कंपनी नादार झाली आणि धनकोंनी आपली वसुली लावून धरली, की मालकाच्या जागी धनको येऊन बसतात. कागदावर भागधारक कुणी का असेना, कंपनीच्या मालमत्तेवर खरा ताबा त्यांचाच असतो. त्यामुळे मालकीचा धागा तुटला नाही.

मला हा निकाल फार आवडतो. दोन कायद्यांमधला पूल तिथे बांधला गेला. १९८० च्या दिवाळखोरी करविषयक कायद्यानं ‘जी’ प्रकार घातला, तोही याच विचारातून.

पुढे तिथल्या कायद्यानं हिशेब आणखी बारीक केला. चॅप्टर ११ मध्ये माफ झालेलं कर्ज उत्पन्न धरत नाहीत, पण तेवढ्या रकमेनं कंपनीचा साचलेला तोटा वगैरे सवलती छाटतात. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. मालकी पन्नास टक्क्यांहून जास्त हलली तर जुना तोटा वर्षाला किती वापरायचा यावर मर्यादा येते. पण दिवाळखोरीत जुने भागधारक आणि जुने धनको मिळून निम्म्याहून कमी नसतील, तर एक वेगळी वाट आहे. ‘जुने’ म्हणजे अर्ज दाखल व्हायच्या किमान अठरा महिने आधीपासूनचे, किंवा नेहमीच्या धंद्यात उधारी दिलेले. कर्ज स्वस्तात विकत घेऊन आदल्या दिवशी धनको झालेल्या फंडाला त्यात जागा नाही. दिवाळखोरी कोर्टालाही तिथे एक काम नेमून दिलेलं आहे. प्लॅनचा मुख्य हेतू कर चुकवणं आहे असं सरकारी यंत्रणेनं दाखवून दिलं, तर तो प्लॅन मंजूर करता येत नाही.

तुमचे रद्द झालेले शेअर या सगळ्यात कुठे बसतात? चॅप्टर ११ चं नावच ‘रीऑर्गनायझेशन’ आहे, पण ते कंपनीच्या देण्यांचं आहे, तुमच्या शेअरचं नाही. उतरंड ठरलेली असते. वरच्याला पूर्ण मिळाल्याशिवाय खालच्याला काही नाही, आणि भागधारक सगळ्यात खाली. कंपनी टिकवण्यासाठीच चॅप्टर ११ वापरतात असंही नाही. जनरल मोटर्सनं १ जून २००९ रोजी अर्ज केला आणि १० जुलैला चांगली मालमत्ता नव्या कंपनीला विकून टाकली. जुन्या सांगाड्याचं नाव पडलं मोटर्स लिक्विडेशन कंपनी, आणि जुन्या भागधारकांच्या हाती काही आलं नाही. गाड्यांवरचं बोधचिन्ह तेच राहिल्यामुळे लोकांना वाटत राहिलं की ही तीच कंपनी. तुमचे शेअर कवडीमोल झाले त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी ते शून्याला विकले असं धरून भांडवली तोटा दाखवता येतो. पगारासारख्या इतर उत्पन्नातून तो वर्षाला ३,००० डॉलरपर्यंतच वजा होतो, उरलेला पुढे ओढायचा. नेमकं वर्ष कोणतं, हे तिथल्या सीपीएला (तिकडच्या सीएला) कोर्टाचा आदेश दाखवून ठरवा.

आता इकडे येऊ.

भारतात ‘रीऑर्गनायझेशन’ अशी अमेरिकेच्या कलम ३६८ सारखी एका छत्राखालची व्याख्या दिवाळखोरीच्या कायद्यातही नाही आणि प्राप्तिकरातही नाही. दिवाळखोरी संहितेत ‘रिझोल्यूशन प्लॅन’ आहे, कंपनी कायद्यात कलम २३० ते २३२ ची ‘स्कीम’ आहे, प्राप्तिकरात ‘अमाल्गमेशन’ (विलीनीकरण) आणि ‘डीमर्जर’ (विभाजन) आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं संहितेच्या कलम ५(२६) ला स्पष्टीकरण जोडलं की प्लॅनमध्ये विलीनीकरण, एकत्रीकरण, विभाजन हेही असू शकतं. त्यामुळे एकाच आदेशात दोन्ही गोष्टी उरकता येतात. पण एनसीएलटीनं एखाद्या व्यवहाराला अमाल्गमेशन म्हटलं म्हणून प्राप्तिकर अधिकारी ते तसं मानेलच असं नाही. त्याच्याकडे त्याची स्वतःची फूटपट्टी आहे.

ती फूटपट्टी, १९६१ च्या कायद्याचं कलम २(१बी), अशी: सगळी मालमत्ता जायला हवी, सगळी देणी जायला हवीत आणि विलीन होणाऱ्या कंपनीतल्या किमान तीन-चतुर्थांश मूल्याच्या भागधारकांना नव्या कंपनीचे शेअर मिळायला हवेत. (नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण हा गाभा तसाच आहे. तुमचे व्यवहार आधीच्या वर्षांतले म्हणून मी जुने क्रमांक देतोय.) या व्याख्येत बसलं तरच कंपनीला आणि भागधारकाला भांडवली नफ्याचा कर लागत नाही. लक्षात घ्या, कायदा ‘भागधारक’ म्हणतो. धनको मालकाच्या जागी आला, हे डग्लस यांचं तत्त्व आपल्या कलमात लिहिलेलं नाही. धनकोला मोजायचं असेल तर त्याला आधी खरोखरच शेअर द्यावे लागतात.

टाटा स्टीलनं भूषण स्टील घेतली तो व्यवहार यासाठी बघण्यासारखा आहे. मे २०१८ मध्ये टाटा स्टीलच्या बामनीपाल स्टील या कंपनीनं भूषण स्टीलचे ७२.६५ टक्के शेअर घेतले आणि बँका-वित्तसंस्थांना ३५,२०० कोटी दिले. त्यांचे दावे सुमारे ५६,००० कोटींचे होते. उरलेल्या कर्जापोटी धनकोंना बारा टक्क्यांच्या आसपास शेअर मिळाले. सर्वसामान्य भागधारकही राहिले, फक्त त्यांचा हिस्सा पातळ झाला. ही झाली दिवाळखोरीतली पुनर्रचना. करकायद्याच्या भाषेत अजून काहीच विलीन झालेलं नव्हतं. साडेतीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ती कंपनी कंपनी कायद्याच्या स्कीमखाली टाटा स्टीलमध्ये विलीन झाली: पंधरा शेअरला टाटा स्टीलचा एक. तीन-चतुर्थांशाचा हिशेब करताना विलीन करून घेणाऱ्या कंपनीकडे किंवा तिच्या उपकंपनीकडे आधीच असलेले शेअर बाजूला ठेवतात. म्हणजे ७२.६५ टक्के वगळायचे. उरलेल्यांत कोण? सर्वसामान्य भागधारक आणि ज्यांना कर्जापोटी शेअर मिळाले त्या बँका. अलाबामातला धनको आपल्याकडे असा मागच्या दारानं भागधारक होऊन आत येतो.

ज्याच्याकडे भूषण स्टीलचे ६० रुपयांनी घेतलेले १५ शेअर होते, त्याच्या टाटा स्टीलच्या एका शेअरची खरेदी किंमत ९०० रुपये, आणि मुदत जुन्या खरेदीपासून मोजायची. ॲपवर अनेकदा इथे विलीनीकरणाच्या दिवशीचा भाव किंवा चक्क शून्य दिसतं. तिकडे लक्ष देऊ नका.

डीएचएफएल या गृहवित्त कंपनीची गोष्ट याच्या उलट. तिथे जुन्या भागधारकांना प्लॅनमध्ये काहीच मिळालं नाही, शेअर बाजारातून उतरले. मुदत ठेवीदारांनाही पूर्ण पैसे मिळाले नाहीत, आणि त्यात आपल्याकडची निवृत्त मंडळी किती होती हे वेगळं सांगायला नको. पिरामलनं ३४,२५० कोटींना ती घेतली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पिरामलची वित्तकंपनी डीएचएफएलमध्ये विलीन झाली. हो, चांगली कंपनी बुडालेल्या कंपनीत. नंतर नाव बदललं. कंपनीच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही, पण अशा उलट्या विलीनीकरणाचा करातला परिणाम सांगतो. विलीन होऊन संपणाऱ्या कंपनीचा तोटा पुढच्या कंपनीला द्यायचा तर कलम ७२ए मधून जावं लागतं. ते कलम औद्योगिक उपक्रम, जहाज, हॉटेल, बँक अशा मोजक्यांसाठी आहे, गृहवित्त कंपनीला त्यात जागा नाही. तोटा असलेली कंपनीच जिवंत राहिली तर तोटा तिचा तिच्याकडेच राहतो, कुणाकडे द्यावा लागत नाही.

७२ए बद्दल एक आठवण. हे कलम १९७७ मध्ये आलं ते आजारी उद्योगांसाठीच. धडधाकट कंपनीनं आजारी गिरणी किंवा कारखाना पोटात घ्यावा, आणि मोबदल्यात त्याचा तोटा वापरावा. म्हणजे मुळात हे कलम म्हणजेच दिवाळखोरी आणि कर यांची सोयरीक होती. नंतर अटी बदलत गेल्या. आज विलीन होणाऱ्या कंपनीचा धंदा किमान तीन वर्षांचा हवा, विलीन करून घेणाऱ्यानं तो पाच वर्षं चालवायला हवा, तीन-चतुर्थांश स्थिर मालमत्ता पाच वर्षं सांभाळायला हवी आणि कारखाना असेल तर चार वर्षांच्या आत निम्म्या क्षमतेनं चालवायला हवा. बंद कारखान्याची जमीन विकून इमले बांधायचा बेत असणाऱ्याला हे जमत नाही, आणि जमू नये हाच हेतू आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या विलीनीकरणांसाठी आणखी एक फट बुजवली. पूर्वी विलीनीकरणानं तोट्याची आठ वर्षांची मुदत नव्यानं सुरू व्हायची. आता मूळ तोटा झाला तेव्हापासूनच ती मोजतात.

कंपनी विलीन न करता नुसते शेअर घेतले तर कलम ७९ उभं राहतं. खासगी कंपनीत ४९ टक्क्यांहून जास्त मालकी बदलली की जुना तोटा गेला. दिवाळखोरीतल्या प्लॅनला यातून सूट आहे, पण तिला एक छोटी अट जोडलेली आहे, आणि माणसं बुडतात ती तिथेच: प्रधान आयुक्तांना किंवा आयुक्तांना म्हणणं मांडायची वाजवी संधी दिलेली असली पाहिजे. आमच्याकडे एक प्रकरण आलं होतं. नोटीस पाठवलेली होती, पोचही होती. पण कंपनीचं पॅन आदल्या वर्षी दुसऱ्या प्रभारात हलवलं गेलं होतं आणि नोटीस गेली होती जुन्या आयुक्तांकडे. साठ कोटींचा तोटा त्या एका पाकिटावर लटकला. पुढची दीड वर्षं आम्ही कफ परेडच्या एनसीएलटीत आणि प्राप्तिकर भवनात आळीपाळीनं ‘कळवलं होतं’ आणि ‘योग्य ठिकाणी कळवलं नव्हतं’ यावर भांडत होतो. आता मी पोर्टलवरचा ज्यूरिस्डिक्शनचा स्क्रीनशॉट नोटिशीच्या दिवशीच फाइलला लावतो.

कर्जमाफीचं काय? अमेरिकेसारखं स्वच्छ उत्तर आपल्याकडे नाही. जे आहे त्याचा पाया महिंद्राच्या केसमध्ये आहे. १९६४ मध्ये महिंद्रानं अमेरिकेच्या कैसर जीप कॉर्पोरेशनकडून डाय आणि वेल्डिंगची यंत्रसामग्री ६,५०,००० डॉलरना घ्यायचं ठरवलं, आणि त्यासाठीचं कर्जही कैसरनंच सहा टक्क्यांनी दिलं. पुढे अमेरिकन मोटर्सनं कैसरला घेतलं आणि कर्जाची मुद्दल माफ केली: ५७,७४,०६४ रुपये. हे उत्पन्न आहे का, यावर निकाल लागला २०१८ मध्ये. सुप्रीम कोर्ट म्हणालं, कलम २८(४) मधला लाभ रोख नसलेला हवा आणि ही तर रोखीतली माफी. कलम ४१(१) लावायचं तर आधी त्या रकमेची वजावट घेतलेली हवी, आणि यंत्रासाठीच्या कर्जावर ती घेतलेली नव्हती. म्हणून कर नाही.

हा निकाल दाखवून बरेच जण निर्धास्त असतात. तीन खड्डे बघून ठेवा. २०२३ च्या वित्त कायद्यानं २८(४) मध्ये रोख लाभही आणला, त्यामुळे निकालाचा एक पाय गेला. खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा सॉलिड कंटेनर्सचा निकाल विरुद्ध जातो. आणि माफीची रक्कम नफा-तोटा पत्रकात जमा झाली की मॅटचा (वहीतल्या नफ्यावरच्या किमान कराचा) प्रश्न येतो. तिथे संहितेखालच्या कंपनीला जुना तोटा आणि जुना घसारा दोन्ही मिळून वजा करता येतात. इतर कंपन्यांना दोन्हींतलं जे कमी तेवढंच.

व्यापारी देण्यांचं मात्र उत्तर सरळ आहे, आणि इथे तुमचे बंधू येतात. त्यांच्या बिलांची वजावट त्या कंपनीनं खर्च म्हणून पूर्वीच घेतलेली असणार. ते देणं प्लॅननं मिटलं की कलम ४१(१) खाली ती रक्कम कंपनीचं उत्पन्न होते. भोसरीत बुडालेले ३७ लाख २४ हजार तिकडे उत्पन्न म्हणून उगवतात आणि कलम ७९ मधून वाचवलेला तोटा ते गिळून टाकतो. आयुक्तांच्या नोटिशीवर एवढा जीव का टाकतात ते आता कळेल.

बंधू ऑपरेशनल क्रेडिटर आहेत, म्हणजे कर्ज नव्हे तर माल-सेवा देऊन पैसे यायचे राहिलेले. मतदान वित्तीय धनकोंच्या समितीचं असतं. प्लॅनला ६६ टक्के मतं लागतात, आणि त्यात बंधूंचं मत नसतं. कायदा त्यांना एवढीच हमी देतो की कंपनी अवसायनात निघाली (म्हणजे मोडीत काढली) असती, किंवा प्लॅनची रक्कम अवसायनाच्या उतरंडीनं वाटली असती, तर त्यांच्या वाट्याला जे आलं असतं, त्यातल्या जास्तीच्या रकमेहून कमी द्यायचं नाही. बँकांचं तारण फिटेपर्यंत सहसा काही उरत नाही, म्हणून ती हमी अनेकदा शून्याची असते. तुमच्या बंधूंना दोन टक्के मिळाले. मी प्लॅनच्या तक्त्यात ‘निरंक’ वाचलेले लघुउद्योजक समोर बसलेले पाहिले आहेत, त्यामुळे दोन टक्क्यांना मी हसत नाही.

बाकीचे पैसे मागायला पुन्हा जाता येणार नाही. कलम ३१ खाली मंजूर झालेला प्लॅन सगळ्यांवर बंधनकारक असतो. एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की प्लॅनमध्ये नसलेले दावे संपतात, सरकारी करसुद्धा. सप्टेंबर २०२२ च्या रेनबो पेपर्स निकालानं गुजरातच्या व्हॅट कायद्याच्या आधारे राज्य सरकारला तारणधारी धनको ठरवलं आणि बरीच धांदल उडवली. पण तुमच्या बंधूंसारख्या बिनतारणी पुरवठादाराला त्यातून काही मिळण्यासारखं नाही.

करात मात्र त्यांनी करायचं काम आहे. ज्या वर्षी प्लॅन मंजूर झाला त्याच वर्षी उरलेली रक्कम वहीत बुडीत म्हणून राइट ऑफ करा. कलम ३६(१)(७) खाली वजावट मिळते, आणि २०१० च्या टीआरएफ निकालानंतर कर्ज खरंच बुडालं हे सिद्ध करत बसावं लागत नाही. खात्यात खरी नोंद झालेली पुरते. फक्त ‘तरतूद’ करून थांबू नका, तरतुदीला वजावट नाही. जीएसटीचं दुखणं वेगळं. बिल काढलं तेव्हाच त्यांनी जीएसटी भरला, गिऱ्हाइकानं दिला नाही, आणि बुडीत येण्यावरचा जीएसटी परत मिळायची सोय कायद्यात नाही. वसुली न झालेली जीएसटीची रक्कमही येण्यातच धरलेली असेल तर ती राइट ऑफमध्ये घ्या, निदान तिच्यावरचा प्राप्तिकर वाचेल. फॉर्म बी मध्ये दावा भरताना त्यांनी जीएसटीसह रक्कम लिहिली होती की नाही, ते मला पाठवलेल्या कागदांत दिसत नाही. तो फॉर्म आणि आरपीनं (दिवाळखोरीच्या काळात कंपनी सांभाळणाऱ्या व्यावसायिकानं) मान्य केलेल्या दाव्याची यादी एवढे दोन कागद त्यांच्याकडून मागवा. राइट ऑफचा आकडा मान्य दाव्याशी जुळला नाही तर अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारेल.